धुरा जाळण्याआधी

होळी झाली की आमच्या घरी वणव्याची तयारी सुरू होते. आर्वीच्या पलीकडे, जंगलाला खेटून आमचं गाव. माझं माहेर देवळीचं. तिथे उन्हाळा म्हणजे माठ आणि कूलर. इथे आग कुठून येईल, एवढंच बघायचं.

यंदाही शाळेतून शिकवून आले, पदर खोचला आणि कामाला लागले. चुलीसाठी मागच्या भिंतीशी रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, ओढून विहिरीकडे नेली. छपराच्या कवेलूंवरचा, म्हणजे कौलांवरचा, सागाचा पाला झाडला. दोन ड्रम भरले. सातबारा, आधार, रेशनकार्ड पेटीत घालून पेटी दाराशी ठेवली. हात चालत होते. मनात ना भीती, ना काही. वर्षभर असंच आहे.

राहिला धुरा. बांधावरचं वाळलं गवत वारा बघून आपणच जाळून टाकायचं, म्हणजे जंगलातून आग आली तरी तिला पुढे सरकायला काही उरत नाही. जन्मभर हे काम मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी केलं. यंदा माचिस माझ्या नवऱ्याच्या खिशात होती आणि मामाजी ओट्यावर बसून होते.

कारण मागच्या वर्षी धुरा जाळताना वारा फिरला. ठिणगी कुटारावर, गुरांच्या वाळक्या भुशावर पडली, गोठा पेटला. मामाजी आत धावले. बैल बाहेर आले, गाय आली नाही. मामाजींचे तळहात भाजले. विझवताना भाजले असतील, असं सगळ्यांनी धरलं. आणि गावाने ठरवून टाकलं, म्हातारा घाबरला, गाईला विसरला. "बुढा आता कामाचा नाई राह्यला." गावाला काय, चघळायला काहीतरी लागतंच. पण आमच्या ह्यांनीही तेच खरं मानलं. तेव्हापासून मामाजींना शेतात एकटं सोडत नाहीत, वखराला हात लावू देत नाहीत. मामाजी कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

विसरलेबिसरले काही नव्हते. होळीपासून पाऊस पडेपर्यंत जनावरं सरकगाठीनेच बांधायची, एका ओढीत सुटली पाहिजेत, हा मामाजींचा कायदा. गाय मोठी डांबरट. गाठ ओढून सुटायची आणि परसातली माझी मेथी फस्त करायची. त्या सकाळी मी वैतागले, तिच्या गळ्यात साखळी घातली, खुंट्याला पिळा मारला आणि कोणाला न सांगता शाळेत निघून गेले. पहिला तास संपायच्या आत निरोप आला. आग विझल्यावर राखेतली साखळी मीच उचलली आणि विहिरीत टाकली. हो, टाकली. त्या क्षणापासून मी बधिर आहे.

तर यंदा ह्यांनी माचिस काढली. मामाजी ओट्यावरून म्हणाले, "थांब रे, वारा अजून जंगलाकडून येऊन राह्यला."

"तुमी बसा गुमान, बाबा. मागच्या साली पाह्यलं तुमचं."

मामाजी उठू लागले होते, ते परत बसले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गाय साखळीला होती. मी बांधली होती. मामाजी विसरले नव्हते, ती एका ओढीत सुटणारीच नव्हती."

मामाजी तरातरा माझ्यापुढे आले. एवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काऊन सांगतलं वं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तळहात पुढे केले. दोन्हींवर तापल्या साखळीच्या कड्यांचे आडवे डाग. वर्षभर या हातांपुढे मी ताट ठेवत होते, आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"लोकं मले बुढा म्हनतेत तं म्हनू दे. हावोच मी बुढा. तुले शाळेत पोरं शिकवाची हायेत, गावात तोंड दाखवाचं हाये. सालभर तोंड शिवून राह्यलो, ते कोनासाठी? सारं पान्यात घातलं तुनं."

मी त्यांचे हात धरले आणि हंबरडा फोडला. इतका मोठा, की शेजारची बाई कणकेच्या हातांनी धावत आली, काय झालं, काय झालं म्हणू लागली. मामाजी घाईने म्हणाले, "काई नाई, काई नाई, जा तू घरी."

मी तिला थांबवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.