गॅरेजमधला प्लग
गरम प्लास्टिकचा वास आला की मला न्यू जर्सीतला तो हिवाळा आठवतो. दीड महिना पुण्याला जायचं होतं. तेवढ्या काळात गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून आम्ही चार्जर घ्यायला गेलो. बॅटरी भरली की आपोआप थांबणारा घे, असं मी दुकानात म्हणत होते. नवऱ्याने साधाच उचलला, “अगं, चार्जर तो चार्जर,” आणि निघायच्या आदल्या रात्री गॅरेजमध्ये गाडीला लावून ठेवला. बोर्डिंगच्या रांगेत तो फोनवर त्याचे रिव्ह्यू वाचायला लागला आणि पांढराफटक पडला. “सलग लावून ठेवू नका म्हणतायत. बॅटरी तापते.” आमच्या चार्जरला लागूनच पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. घराची किल्ली मागे कुणाकडेच ठेवलेली नव्हती. परत फिरायचं की नाही, यावर आम्ही दबक्या आवाजात भांडत होतो. रांग पुढे सरकत होती. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या, आमच्याबरोबरच पुण्याला परत निघालेल्या सासूबाई वळल्या. “गॅरेजमधला ना? तो मी निघताना काढला. घर बंद करताना कुणी प्लग ठेवतं का?” नवरा बॅगेवरच बसला. परतल्यावर बॅटरी उतरलेली होती, गाडी काही केल्या सुरू झाली नाही. आता आमच्याकडे मेंटेनर, म्हणजे मी म्हणत होते तसा आपोआप थांबणारा चार्जर आहे. तरी दर हिवाळ्यात आम्ही निघताना सासूबाई पुण्याहून फोन करून विचारतात, प्लग काढलास का. आणि नवरा, मागे मेंटेनरचा हिरवा दिवा लुकलुकत असताना, म्हणतो, “हो आई, काढला.”