डाव्या हाताची मूठ

सिडनीतल्या आमच्या शूटिंग क्लबात विद्यार्थ्यांसाठी एकच जुनं एअर पिस्तूल होतं. त्याची मूठ कुणा धिप्पाड माणसाच्या हातासाठी केलेली. माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायचं. नागपूरला युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये मी याच बनावटीच्या पिस्तुलाने खेळले होते, म्हणून जास्तच चिडचिड व्हायची. फोनवर बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "हाताचा नकाशा पाठव. मी कोरतो."

बाबांनी आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. चौदा एप्रिलची पत्रकं, वसतिगृहाच्या मोर्च्याची पत्रकं, सगळी त्यांच्या हातची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. अजून भांडताना माझ्या तोंडून पत्रकच बाहेर पडतं. छापखाना बंद झाला तेव्हा बाबा लाकूडकामाकडे वळले.

सिडनीच्या हॅरिस पार्क भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका पाठकोऱ्या पत्रकावर मी उजवा हात पालथा ठेवला, पेनने कड आखली आणि कागद पोस्टात टाकला. पार्सल आलं. सागवानाची मूठ, गुळगुळीत, बोटांसाठी खाचा, तळव्यासाठी फुगवटा. उजव्या हातात धरली, तर फुगवटा भलत्याच बाजूला. डाव्या हातात घेतली आणि प्रत्येक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं.

"काहून वो बाबा, मी डावखुरी कधी झाली?"

मी फोन लावून विचारलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. खिळा उलटा असतो, कागदावर सुलटा उमटतो. कागदावरचा हात दिसताच त्यांनी सवयीने तो मनात उलटवून घेतला होता. "जिंदगीभर उलटं वाचलं न पोरी. आता तुझा हातही उलटाच वाचला."

दुसरी मूठ करतो म्हणाले. पण ती सुरू करेपर्यंत वयामुळे पटाशी त्यांच्या हातात स्थिर राहेनाशी झाली. मग डावी मूठच क्लबाच्या पिस्तुलाला बसवून मी डाव्या हाताने नेम धरायला शिकले. सुरुवातीला गोळी लक्ष्याच्या कागदालाही लागेना. पण त्या मुठीत हात गेला की घरच्या कुणीतरी हात धरल्यासारखं वाटायचं. व्हिसाचा निकाल लागेपर्यंत ऑस्ट्रेलिया सोडून घरी जाऊन यायची हिंमत नव्हती. रविवारी मी क्लबात जायचे ती नेमबाजीसाठी कमी, त्या स्पर्शासाठी जास्त.

मग पिस्तुलातली हवा गळायला लागली. क्लबातला परवानाधारक दुरुस्तीवाला म्हणाला, "सॉरी मेट, याचे पार्ट्स आता कुणी बनवत नाही. सांगाडा थोडा बदलला, तर आजचे स्टँडर्ड पार्ट्स बसतील. कायमचा प्रश्न मिटेल. फक्त तुझी ही मूठ बसणार नाही." आणि एकदा बदललं की मागे फिरता येणार नव्हतं. ते पिस्तूल सगळ्यात जास्त मीच वापरते म्हणून कमिटीने निर्णय माझ्यावर सोडला.

बदलायचं नाही, तर ते भिंतीवर टांगलेलं राहणार. शोभेला.

आणि याच क्लबाच्या मीटिंगमध्ये मी ताडकन उभी राहून बोलले होते: जी वस्तू एकाच माणसाच्या हाताला बसते ती सगळ्यांची नसते, विद्यार्थ्यांची साधनं कुणाच्याही हातात बसली पाहिजेत! ते मी मनापासून बोलले होते. आजही तेच बोलेन. त्या भाषणामुळे फ्लॅटमधल्या दोन पुण्याच्या मुली माझ्यासोबत यायला लागल्या होत्या आणि ना माझी डावी मूठ हाताला बसते, ना जुनी मोठी, म्हणून दर रविवारी नुसत्या बसून परत जात होत्या.

"तुझं पिस्तूल म्हणजे राखीव सीट आहे यार," त्यातली एक म्हणाली. "सीट दिसते, बसता येत नाही."

"राखीव सीटवर जोक नको हं," मी म्हटलं.

"सॉरी. पण बसायला कधी मिळणार?"

त्या आठवड्यात कामाच्या शिफ्टला जाताना मूठ बॅगेत असायची. ट्रेनमध्ये बॅगेत हात घालून ती धरून बसायचे.

शेवटी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते नको म्हणतील आणि मी सुटेन.

"त्या पोरी उजव्या हाताच्या आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मला काय विचारतेस?"

मी होकार कळवला.

पिस्तूल दुरुस्त होऊन आलं. नवी मूठ काळ्या प्लास्टिकची, कमीजास्त करता येणारी, कुणालाही चालणारी. पुण्याच्या एका मुलीचा पहिलाच नेम लक्ष्याच्या काळ्या गोलात लागला. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की अख्खी रेंज वळून बघायला लागली. मी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी आली आणि माझा डावा हात आपोआप पुढे गेला.

"मुठीचं काय केलं?" बाबांनी नंतर विचारलं.

"टेबलावर आहे."

"पत्रकांवर ठेवत जा. उडणार नाहीत."

टेबलावर भाडेवाढीविरुद्धच्या आमच्या सभेची पत्रकं होती, खिडकीतून वारा येत होता आणि दोनतीन पत्रकं खाली पडलीही होती. मी ती उचलली नाहीत. बाबा बोलत होते, फोन उजव्या कानाशी होता आणि डाव्या हातात ती मूठ.

"ऐकतेस न?"

"ऐकतेय बाबा. बोला."