धारवाली जीजी

फोन वाजला की आम्ही सगळ्या पेन उचलायचो. कुंदाताई हातातलं पेन खाली ठेवायच्या. डोळे मिटून म्हणायच्या, "हां भिया, बोलो." मग समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत हूं की चूं नाही.

देवासला दुधातलं फॅट मोजणारी मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरून तक्रारीचे फोन येत. ग्राहकाशी काय बोलायचं याची स्क्रिप्ट मी लिहिली होती. नमस्कारापासून आभारापर्यंत, ओळीने चौदा प्रश्न. साहेबांना ती फार आवडली होती. कुंदाताई मात्र त्यातला एकही प्रश्न धड विचारत नसत. त्या मूळच्या धारच्या. फोनवर येण्याआधी बारा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढलेली. ग्राहकाला फोन मशीनजवळ धरायला सांगत आणि नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखत.

"अगं, दुखतंय कुठे ते रोगीच सांगतो. आपण मध्ये तोंड घातलं की तो विसरतो," असं त्या मला एकदा म्हणाल्या. मी हसले, पण आतून जळत होते. मनावर गावापासून लोहारद्यापर्यंत कुणाचाही फोन येवो, माझा आवाज ऐकताच तो म्हणायचा, "धारवाली जीजी को दे दो." हिंदी माझं शुद्ध, स्क्रिप्ट माझी, आणि काम काय, तर फोन त्यांच्याकडे सरकवायचा.

पुढे रेकॉर्डिंग ऐकून गुण द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना दर आठवड्याला कमी गुण दिले. नियमाला धरूनच दिले, त्यामुळे मनाला टोचलंही नाही. शेवटी साहेबांनी त्यांना बजावलं, की स्क्रिप्ट शब्दन् शब्द वाचायची. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहारद्याहून फोन आला. मी शेजारी बसून ऐकत होते. मशीन गुरगुरतंय आणि सगळ्यांच्याच दुधाचं फॅट कमी दाखवतंय, असं तो माणूस पहिल्याच वाक्यात म्हणाला. नळी सैल होऊन आत हवा जातेय, हे मलासुद्धा कळलं. पण स्क्रिप्टमध्ये आवाजाबद्दल प्रश्नच नव्हता. प्लग लावलाय का? दिवा लागलाय का? मशीन बंद करून पाच मिनिटं थांबा. कुंदाताई वाचत राहिल्या. मागे दूध घेऊन आलेल्यांचा गलका वाढत होता. सातव्या प्रश्नाला तो अडखळला.

"जीजी, आप वही हो ना? फिर आज ऐसे क्यों बोल रई हो?"

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. मी कागदावरच्या आठव्या प्रश्नावर बोट ठेवलं. त्यांनी तो वाचला. अकराव्या प्रश्नापर्यंत लोक आपापले कॅन उचलून दुसऱ्या केंद्राकडे निघाले होते. त्याने फोन ठेवून दिला.

चहाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून त्याला फोन लावून नळी घट्ट बसवून घेतली. मग राजीनामा लिहिला. निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. "तू लिहिलेलं चुकीचं नाही गं. फक्त त्यात समोरच्याला बोलायला जागा नाही."

त्या धारला परतल्यावर मी स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ घातली: आधी ग्राहकाचं सगळं बोलणं ऐकून घ्यावं. तक्रारी लवकर सुटू लागल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही कल्पना कुणाची?

मी म्हणाले, "माझी."