चुनरी बांधलेला ट्रक

सत्तावन्न सालच्या डिसेंबरातली गोष्ट. भिलाईत मरोद्याजवळच्या सिमेंट गोदामापाशी भल्या सकाळी एक डिझेल ट्रक अडून बसला होता, आणि भोवती जमलेली आठ-दहा माणसं फकिरावर खेकसत होती. जशी काही थंडी त्यानंच पाडली होती!

फकिरा लाखनीकडचा. मागच्या साली नागपूरला बुद्धाची दीक्षा घेऊन घरी आला, तशी गावानं त्याला विहीर बंद केली. बायकोला, कांताला घेऊन तो सरळ भिलाईला आला. इथं पोलाद कारखान्याचे पाये भरणं सुरू होतं. ठेकेदाराच्या गाड्यांवर तो खलाशी, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा माणूस, म्हणून लागला. नावाला खलाशी, पण गाडी बिघडली की सारे त्यालाच हाका मारत, आणि सुधरली की ओळख विसरत.

"दहाच्या आत सिमेंट नाई पोचलं त पाया अर्धा राहीन," मुकादम भय्याजी ओरडला. "मंग तुयं नाव मस्टरमधून काटलंच समज. जाजो आपल्या गावाले!"

गावाचं नाव निघालं आणि फकिराला विहीर आठवली. पुन्हा त्या विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभं राहायचं? छे! त्यापेक्षा मेलेलं पुरवलं.

थंडीत करायचं ते सारं त्यानं पहाटेपासून केलं होतं. इंजिनच्या चेंबरखाली निखारे ठेवून ऑइल पातळ केलं. आपल्या झोपडीतून दोन बादल्या कढत पाणी आणून रेडिएटरात ओतलं. सेल्फ मारला की इंजिन चांगलं गरगर फिरे, पण पेटत काही नसे. फिरून फिरून बॅटरी बसत चालली.

"डिझल गोठलं," ड्रायव्हर केवलराम बोलला. हा बालाघाटकडचा; ठेकेदाराच्या खास मर्जीतला, आणि सोवळ्याचा तर कळसच. फकिराला तो कॅबिनमध्ये पाय ठेवू देत नसे.

"येवढ्याशा थंडीत डिझल गोठते का?" फकिरा चिडला. त्यानं पंपाजवळचा नट ढिला केला. डिझेल भळभळ वाहिलं. "हे पाय! डिझल येऊन राहिलं. इंजिन फिरून राहिलं. मंग उरलं काय? हवा."

हवा ओढायचा डबा, एअर क्लीनर, बॉनेटच्या बाजूला वर निघाला होता. केवलरामनं त्यालाच महिनाभरापूर्वी डोंगरगडच्या देवीची लाल चुनरी सात वेढे देऊन बांधली होती. रोज सकाळी तिथंच उदबत्ती लावायचा. महिनाभर तिच्यावर सिमेंटची धूळ बसत गेली, रात्री दंव पडत गेलं, आणि आता त्या कपड्याची टणक टोपी झाली होती. फकिरानं बोटानं ठोकली. वाजली.

"हे सोड."

"हात नोको लावू!" केवलराम अंगावर धावला. "देवीचं आहे ते! तुमी देव सोडले त आमीबी सोडाव का?"

कोणी पुढं झालं नाही. साऱ्यांना कळत होतं, पण देवीच्या कपड्याला हात कोण लावणार? फकिराला असा संताप आला की त्याची कानशिलं तापली. त्यानं दोन्ही हातांनी ती टोपी उपटली आणि बॉनेटवर ठेवली. बाकीच्या खलाशांनी धक्का दिला, भय्याजीनं दटावल्यावर केवलरामनं गिअर टाकला, आणि ट्रक धडधडत सुरू झाला.

शाबासकी? कशाची! केवलराम गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवूनच खाली उडी मारून आला. "बाटवली! माही गाडी बाटवली यानं!" त्यानं ती टोपी उचलली आणि पुन्हा डब्यावर गच्च बसवली. इंजिननं दोन उचक्या दिल्या, काळा धूर ओकला आणि बंद पडलं.

सारे फकिराकडं पाहू लागले.

"काढ ना बे, फकिरा!" भय्याजीचा जीव वरखाली होत होता. साडेनऊ वाजून गेले होते.

फकिरानं हात मागं बांधले. "मी नाई. माह्या हातानं बाटते ते. ज्यानं बसवली त्यानं काढाव."

"केवल्या, काढ!"

केवलरामनं दात खात, कपाळाला लावत ती टोपी काढली आणि कॅबिनमध्ये ठेवली. गरम इंजिन उरल्यासुरल्या बॅटरीवर पहिल्याच सेल्फला सुरू झालं. तरी केवलरामची रग जिरली नव्हती. तो दुसऱ्या एका खलाशाला म्हणाला, "पाणी आण रे लोटाभर. यानं जेथं जेथं हात लावला, तेथं शिंपड."

"शिंप, शिंप," फकिरा म्हणाला. "पण वरून शिंपून काय होते? आत रेडिएटरात दोन बादल्या भरल्या आहेत. माह्या घरचं पाणी, माह्या कांतानं चुलीवर तापवलेलं. तेबी काढून टाक. मंग ने गाडी, पायतो मी."

केवलरामनं रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेला आणि मागं घेतला. खलाशी रिकामा लोटा घेऊन उभा होता. भय्याजीनं घड्याळ पाहिलं आणि केवलरामला आईवरून शिवी हासडली, तसा तो निमूट चढला आणि गाडी घेऊन निघाला.

फकिराचं नाव मस्टरवर राहिलं. त्या हिवाळ्यात रोज पहाटे कांता दोन बादल्या पाणी तापवायची, आणि केवलराम तोंड फिरवून उभा राहायचा, फकिराचं ओतून होईपर्यंत.