इटली नरेश देवराव यांजकडून

पितळेचं भांडं नुसतं ठेवलं तरी कळकतं. किस्स्यांचंही तसंच. दारव्ह्याच्या आमच्या बँड पार्टीनं तीस-पस्तीस वर्षं लग्नं वाजवली, मग डीजेनं आम्हाला घरी बसवलं. आता किस्स्यांचा हा एवढा थर चढलाय. मजेत घासायला बसतो, अन् मधेच एक असा डाग लागतो की हात थांबतो.

माणसं तीनच सांगतो. क्लॅरोनेटवाले मास्तर, मोठा ढोल बडवणारा मी वामन, आणि झांज वाजवणारा देवराव. झांजेची एक थाळी आमच्या बाजारातली. दुसरी जाड, काळपट, मधली वाटी भलतीच मोठी. ती त्याच्या वडिलांनी कामठीच्या पलटणीच्या लिलावातून आणलेली. देवराव म्हणायचा, "इटलीची हाय. माह्या बुढ्यानं सांगतलं."

"अन् बुढ्याले कोणं सांगतलं, तिथल्या राजानं?" हे मी त्याला रोज एकदा तरी विचारायचो. ढोल एखाद्या दिवशी चुकला असेल, हे नाही चुकलं.

* * *

बँडच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा. मूठ वळली की थांबा. एक बोट वर, म्हणजे तेच पुन्हा वाजवा.

फुलसावंगीच्या वरातीत पोट्टे नवरदेवाच्या मामाला रिंगणातून सोडत नव्हते. मामानं मास्तरांकडे बघून करंगळी वर केली. मास्तरांची नजर कमजोर. त्यांनी भुवया उडवून मला विचारलं, कोणतं बोट? मी माझं पहिलं बोट वर केलं.

तेच गाणं चार वेळा वाजलं. मामा गुडघे जुळवून जागच्या जागी उड्या मारत होता. लोकांनी त्याच्यावरून नोटा ओवाळल्या. पुढच्या हंगामात त्या गावात सगळे पोट्टे गुडघे जुळवूनच नाचत होते!

* * *

देवराव वाजवताना थाळीकडे कधी बघायचा नाही, मांडवातल्या बायांकडे बघायचा. ढाणकीला जेवणाच्या सुटीत मी त्याच्या इटलीचा पट्टा काढला आणि स्वयंपाकातल्या एका पातेल्याच्या झाकणाला बांधला.

त्यानं एकच ठोका मारला आणि थांबला. "वामन, माही थाळी आण. ही वरणाच्या गंजावरची हाय."

मी म्हटलं, वरणाच्याच कशावरून? त्यानं शर्टाकडे बोट दाखवलं. पिवळा झाला होता.

* * *

एकदा चिडून तो थाळीची किंमत काढायला बाजारात भांड्यांच्या दुकानात गेला. मजा बघायला मी सोबत. दुकानदारानं नखानं खरवडली, काट्यावर टाकली, मोडीचा भाव सांगितला आणि म्हणाला, मधात भोक हाय, त्याचं कापून घेईन.

देवरावनं थाळी उचलली. "कापू नोको. भोक बी इटलीचंच हाय."

* * *

त्याच दुकानाबाहेर भांड्यावर नावं घालणारा बसतो. अमक्याकडून तमक्यास सप्रेम भेट, असं टुकटुक कोरतो. थाळीचा पट्टा बदलून आणतो, असं देवरावला सांगून मी ती घेतली होती. वाटीवरची जुनी चामड्याची गादी उचकटली. देवरावच्या बापानं चिकटवल्यापासून ती कोणी उघडली नव्हती.

खाली अक्षरं होती. मी चौथी पास, इंग्रजी तेवढं ट्रकच्या पाठीवरून शिकलेलो. बोट ठेवून वाचलं. आय, टी, ए, एल, वाय. वर आणखी एक ओळ, अर्धी झिजलेली.

कोरणारा म्हणाला, "भाऊ, इथं आधीच काही हाय. काय करू?"

इटली खरी निघाली, तर उद्यापासून मी देवरावला चिडवायचं कशावरून? मी म्हटलं, "घास."

त्यानं कानस फिरवली आणि त्या जागी कोरलं: इटली नरेश देवराव यांजकडून नवरदेवास सप्रेम भेट. नवी गादी मी मुद्दाम लहान कापली, नाव दिसावं म्हणून. पार्टीवाले पोट धरून हसले. देवरावनं दोनदा वाचलं. "अक्षर चांगलं हाय," म्हणाला, आणि त्या दिवसापासून तीच वाजवत राहिला.

खाली काय होतं, ते मी कोणाला बोललो नाही.

* * *

मागच्या वर्षी देवरावच्या पोरीनं थाळीचा फोटो नागपूरच्या एका साहेबाला पाठवला. जुनी वाद्यं जमवणारा माणूस, स्वतः गाडी करून आला. थाळी तोलली, मापली, टिचकी मारून कान लावला. म्हणाला, मधली वाटी ठोकलेली नाही, ओतलेली आहे. इटलीत घंटा ओतणारं एक गाव आहे, तिथं अशा करायचे.

देवराव सरळ बसला. "मंग लेहून द्या साहेब. किंमत नका लेहू. इटलीची हाय, एवढंच लेहा. माह्या बापाले जनमभर लोकं खोटं म्हनत राह्यले."

साहेबानं बरोबर माझ्या ओळीवर बोट ठेवलं. "शिक्का इथं असायचा. हे कोणी घासलं? शिक्का नाही, तर माझा नुसता अंदाज. अंदाज लिहून देता येत नाही."

मास्तर आणि मी शेजारीच बसलेलो. मी म्हटलं, "साहेब, शिक्का होता. मी वाचला. म्याच घासाले लावला."

मास्तरच आधी हसले. "वामन, आता तरी सोड ना त्याले." साहेबही हसला. मी आईची शपथ घेतली, तर मास्तरांना ठसका लागला. तीस वर्षं प्रत्येक थाप मी आईच्याच शपथेवर मारलेली.

साहेब भिंग पेटीत ठेवून गेला. एकटा देवराव हसला नव्हता. त्यानं विचारलं, "पहिलं अक्षर कोणतं होतं?"

"आय. नुसती उभी काडी."

त्यानं मान डोलावली आणि थाळी पुसून ठेवली.

* * *

यंदा माझ्या नातीचं लग्न झालं. मांडवात माईकवर आहेर पुकारणं चालू होतं. अमक्याकडून कुकर, तमक्याकडून पाच भांडी. देवराव पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. माईकवाल्यानं पेपर काढला आणि जे कोरलेलं तेच वाचलं: "इटली नरेश देवराव यांजकडून नवरदेवास सप्रेम भेट." मांडव हसून फुटला.

देवरावनं माईक घेतला. "ही माह्या बापानं कामठीहून आणली. इटलीची हाय. खरं का खोटं, ते वामनभाऊ सांगते." आणि माईक माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. गादीखालची अक्षरं, एकेक करून. कानस. कायले घासली, तेही.

लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. माझे व्याही डोळे पुसत होते, मास्तर टाळ्या वाजवत होते.

देवरावनं माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं.