उताणं झाकण

ओरिन हॅस्कलला आकाश मानवत नसे. सव्वीस वर्षं त्यानं तटरक्षक दलाच्या विमानांची इंजिनं सांभाळली आणि सव्वीस वर्षं विमानात बसला की ओकला. होडीत तर त्याहून जास्त. "मेल्या, सायकली दुरुस्त करत होतास ते काय वाईट होतं?" असं मी विचारलं की म्हणायचा, "सायकलवरून बुडणाऱ्याला काढता येत नाही, बेल्मिराबाई."

अमेरिकेतल्या आमच्या ग्लॉस्टर बंदरात तटरक्षक दलाचं पाण्यावर उतरणारं विमान आलं, तेव्हा त्यांच्या तळावर गोड पाव मी पोचवत असे. तिथला एक नियम मला फार आवडायचा. ज्यानं इंजिन जोडलं, त्यानं पहिल्या उड्डाणात बसायचं. कामचुकार माणूस तिथे टिकेल कशाला!

एकोणीसशे सत्तावीस सालच्या एप्रिलात माझा नवरा जासिंतो आणि त्याचा जोडीदार जिल मोठ्या बोटीवरून छोटी होडी घेऊन गळ टाकायला गेले. वर धुकं उतरलं. बोट परत आली, पण हे दोघं आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं तशी मी तळाकडे धावत सुटले. बघते तर विमानाचं इंजिन उघडलेलं!

"तासाभरात उडवतो," ओरिन म्हणाला. "रडू नका." आणि कानस आणायला शेडमध्ये गेला.

तेवढ्यात मला धक्क्याच्या फळ्यांवर इंजिनाचं झाकण दिसलं. उताणं! आमच्या कोळ्यांत बोटीचं झाकण कुणी उताणं ठेवत नाही. झाकण उताणं, की बोट उताणी. माझा नवरा समुद्रात आणि हा शहाणा असं ठेवतो! मी तावातावानं ते पालथं केलं.

खळखळ आवाज झाला. ओरिननं काढलेले सगळे बारीक भाग त्याच झाकणात ठेवले होते. ते फटींतून थेट पाण्यात गेले.

ओरिन आला आणि वाकून फटींतून खाली पाण्यात बघू लागला. "स्क्रू आहेत दुसरे," तो हळूच म्हणाला. "पण ठिणगी पाडणारी पोलादी पट्टी एकच होती. नवी बॉस्टनहून उद्या येईल."

उद्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच माझ्या हातानं जासिंतोला बुडवला!

"केवढी पट्टी?" मी विचारलं.

"बोटभर. पातळ, पण वाकून सरळ होणारी."

मी शेडमध्ये गेले, दार लावलं आणि झग्याच्या आत कमर आवळायला घालतात तो पट्टा फाडून त्यात शिवलेली पोलादी पट्टी आणून त्याच्या हातावर ठेवली. ओरिन कानापर्यंत लाल झाला.

"लाजतोस काय? काप!"

त्यानं कापली, भोक पाडलं, बसवली. इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. वैमानिक ट्रास्क पुढे बसला. ओरिन नियमाप्रमाणे मागे बसला, मांडीवर बादली घेऊन.

दुपारी विमान परतलं. आतून जासिंतो उतरला, ओठ फुटलेला, पण जिवंत! पाठोपाठ जिल. मी जासिंतोला मिठी मारली, मग चार शिव्या घातल्या, मग पुन्हा मिठी मारली. आणि मग लक्षात आलं.

"ओरिन कुठाय?"

"आमच्या होडीत," जासिंतो म्हणाला. "चौघं बसलो तर विमान पाण्यावरून उठेना. तो उतरला. वल्ही कशी धरतात तेसुद्धा त्याला माहीत नाही गं!"

बचावाची लाँच लगेच निघाली. धक्क्यावर मी जपमाळ ओढत बसले, आता दुसऱ्याच माणसासाठी. सूर्य टेकता टेकता लाँच आली, मागे होडी बांधलेली. ओरिन उतरला तो हिरवापिवळा पडलेला.

"अरे वेड्या," मी ओरडले, "तुला कुणी सांगितलं होतं उतरायला? तुझी जागा होती ती!"

"माझी एकट्याची कुठे?" तो फळीवर बसत म्हणाला. "जोडलं त्यानं बसायचं. अर्धं तुम्ही जोडलंत, बाई. तुमच्या वाटणीची जागा तुमच्या नवऱ्याला दिली."

मी शालीखालचा गोड पाव काढून त्याच्या हातात दिला.