बेटावरची मोरघार

आमचा रविवारचा पक्षीकट्टा पाच जणांचा. पक्षी दिसोत न दिसोत, किस्से मात्र दर रविवारी घडतात! आता त्यांचीच वेगळी वही घालावी लागणार.

कट्ट्याचे म्होरके आमचे सर, निवृत्त ड्रॉइंग टीचर. शिकारी पक्ष्यांचं भारी वेड. एक मोरघार तेवढी पाहायची राहिलेली. पाण्यात सूर मारून मासा उचलणारी, हिवाळ्यातली पाहुणी! तीन हिवाळे तिनं हुलकावणी दिली. त्यात सरांना काचबिंदू. "यंदा नाही दिसली, तर पुढे मला घार अन् कावळा सारखेच!" ते हसत म्हणायचे.

*

एकदा जुळे सोलापुरातून सकाळीच सरांचा फोन. "टाकीवर गरुड बसलाय! हलत नाही, लवकर या!"

चार टू-व्हीलर सुसाट सुटल्या. दुर्बीण लावली, तर प्लंबरची काळी छत्री!

सर म्हणाले, "बसायची ढब मात्र गरुडाचीच होती."

*

कट्ट्यातल्या म्हेत्रे मॅडम लक्षद्वीपला गेल्या होत्या. तिथून फोनवर किंचाळल्या, "सर, आपल्या माळावर घिरट्या घालणारा भोवत्या! एवढ्या समुद्रात वाट चुकून आलाय, एकटाच!"

मागून मिस्टर ओरडले, "अगं, बोट सुटली!"

"बोट उद्या पण आहे हो!"

सरांनी हळूच विचारलं, "मोरघार नाही ना आली?"

*

आणि यंदा जेऊरकडच्या बिरूमामांचा फोन! मामा धरणाकाठी मेंढरं राखतात. "सर, तुमची मासं खानारी घार आलीया. रोज बेटावर बसून खाती. लई मोटी हाय!"

आम्ही हातातली कामं टाकून पळालो. मामा मेंढरांमागे गेलेले, भेटले नाहीत. पण पाण्याच्या मधोमध बेट समोरच दिसत होतं की! होडी ठरवली. सरांचे गुडघे होडीत चढू देईनात. "तुम्ही जा. दिसली की हात करा," म्हणत ते काठावर कळकाच्या उंच बांबूंच्या सावलीत बसले.

दोन तास बेट पालथं घातलं. नुसते बगळे! सरांना काय सांगायचं, याचीच येताना होडीत जुळवाजुळव.

काठावर सर तोंडावर बोट ठेवून उभे. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि शर्टावर अर्धा खाल्लेला मासा!

"डोक्यावरच बसली होती," ते कुजबुजले. "अर्धा तास!"

तेवढ्यात मामा आले. "म्या बेटावर म्हनलं हुतं की! ह्ये काय, कळकाचं बेट. तुमी होडी घिऊन कुटं गेलता?"